पत्रा हलतोय फक्त

ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवलेल्या माझ्या गाडीचा क्लच मऊ का लागत होता, हे म्हणे शेजारच्या काकांनी शोधून काढलं. ही बातमी सध्या आल्यागेल्याला मिळते आहे आणि देणारे अर्थात काकाच. तेव्हा खरं काय ते लिहून ठेवणं भाग आहे.

क्लचचं पेडल मऊ म्हटलं की सल्ला एकच मिळतो, एअर काढ, म्हणजे क्लचच्या तेलात अडकलेली हवा बाहेर काढ. काढली? मग पुन्हा काढ. सल्ला चूक नाही. तेल दबत नाही, हवा दबते. ५/८ इंची, म्हणजे जवळपास १६ मिमी बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) मास्टर सिलिंडरपुढे (पेडल दाबलं की तेल ढकलणारा तो) १ मिली हवा अडकली, तर ती चेपण्यातच पिस्टनची ५ मिमी चाल खर्ची पडते. पेडलचं गुणोत्तर ६ ला १ असेल तर पायाखालचे ३० मिमी फुकट. गिअरबॉक्स बदलल्यावर ही हवा बसते कुठे, तर स्लेव्ह सिलिंडरात, म्हणजे गिअरबॉक्सपाशी त्या तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरात. नव्या बेलहाउसिंगवर (क्लच झाकणाऱ्या कवचावर) स्लेव्ह फिरवून बसवला जातो, हवा सोडायचा निपल खालच्या अंगाला येतो, आणि मग बाटलीभर तेल ओता, बुडबुडा वरच्या कोपऱ्यात बसून मजा बघतो. स्लेव्ह ब्रॅकेटवरून सोडवायचा, पिस्टन क्लॅम्पने आत दाबून धरायचा (नाहीतर तो बाहेर उडी मारतो), निपल आकाशाकडे करायचा आणि मग एअर काढायची. पाईप वर चढून पुन्हा खाली उतरत असेल तर तो उंचवटाही बघून ठेवा.

या कामाला दोन माणसं लागतात, ही मोटार बनवणाऱ्यांची खरी चूक. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली निपल उघडून बंद करायचा, आणि बंद झाल्यावरच पहिल्याने पाय उचलायचा. निपल उघडा असताना पाय उचलला की बाहेरची हवा आत. काका म्हणाले, “एवढंच ना?”

“काका, दाबा.”

“दाबलं.”

निपल पाव आटा सैल केला. थेंब नाही.

“दाबलंय ना नक्की?”

“अरे, उभाच आहे जवळजवळ त्याच्यावर! आणि मऊ कुठाय रे? चांगलं दगडासारखं लागतंय. उगाच गाडी खोलून बसलास.”

मागच्या भिंतीवर लाल उजेड पडला होता.

“काका, तो ब्रेक आहे.”

“मग तसं सांगायचं ना! तीन-तीन ठेवलेत कशाला?”

“डावीकडचं दाबा.”

“माझ्या डावीकडचं की तुझ्या?”

मी गाडीखाली उताणा होतो, त्यामुळे प्रश्न अगदीच बिनबुडाचा नव्हता. जास्त राग त्याचाच आला.

पुढे योग्य पेडल सापडलं, पण काका आधी ‘दाबलं’ म्हणतात आणि मग दाबतात. ‘सोडू नका’मधलं ‘नका’ इंजिनापाशी कुठेतरी गळून पडतं, त्यांच्यापर्यंत ‘सोडू’ पोचतं आणि ते आज्ञाधारकपणे सोडतात. म्हणून मदतनीसाला शब्द द्यायचे ते ‘धरा’ आणि ‘वर’. नकारार्थी वाक्य गाडीखालून कधीही ओरडू नये. माणूसच नको असेल तर ६० मिलीची सिरिंज आणि पारदर्शक नळी घ्या, निपलमधून तेल खालून वर ढकला. हवेला तसंही वरच जायचं असतं. फक्त वरची तेलाची डबी भरून वाहू देऊ नका, हे तेल म्हणजे ब्रेक फ्लुइड, ते रंग खातं. सांडलंच तर लगेच पाण्याने धुवा. आणि डबी ब्रेकची नि क्लचची एकच असेल तर ती रिकामीही होऊ देऊ नका, नाहीतर ब्रेकची एअर काढायला पुन्हा काकांना बोलवावं लागेल.

तेल स्वच्छ, बुडबुडा नाही आणि पेडल तरीही मऊ. इथून पुढे ‘पुन्हा एअर काढ’वाल्यांचं ऐकायचं नाही. भराभर दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर हवा अजून आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर आधी गळती बघा. बाहेर थेंबही नसेल तर मास्टरच्या आतलं रबर गेलंय आणि तेल गुपचूप मागच्या बाजूला पळतंय. यातलं काहीच होत नसेल, नुसतं लिबलिबीत लागत असेल, तर काहीतरी ताणलं जातंय. एकतर होज (लवचीक नळी) फुगतोय, नाहीतर...

या वेळी पेडलवर मी आणि बॉनेटपाशी काका.

“काका, काही हलतंय का?”

“काही नाही.”

“नीट बघा, मास्टर सिलिंडरकडे.”

“अरे बघतोय. काही नाही. पत्रा हलतोय फक्त.”

शोध तो हाच. पायाचं १५ किलो वजन त्या सहापट तरफेने मास्टरवर ९० किलो होतं, आणि तो बोल्ट केलेला असतो फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, पातळ पत्र्यावर. ऑटोमॅटिक गाडीत तिथे क्लच येणारच नसतो, म्हणून बऱ्याचदा जादा पट्टीही नसते. पत्रा ३ मिमी लवला की पेडलचे १८ मिमी गेले. उपाय म्हणजे मास्टरच्या बोल्ट लावायच्या कडेपेक्षा (फ्लँज) बरीच मोठी ३ मिमी स्टीलची प्लेट, आणि बोल्ट पत्र्यातून आरपार थेट पेडलच्या ब्रॅकेटला, म्हणजे ओढाताण त्या दोघांतच मिटते.

ही प्लेट गिअरबॉक्स बदलायच्या किटमध्ये का नसते, हे मला कुणी सांगावं. पेडल असतं, होज असतो, चकचकीत स्टिकर असतो. मास्टर कधी ५/८ चा तर कधी ३/४ चा, जो भोकात बसेल तो. ३/४ चा मास्टर त्याच चालीत ४४ टक्के जास्त तेल ढकलतो, पेडल जड होतं आणि क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग हवं त्याच्या पुढे जातं, त्याबद्दल अवाक्षर नाही. पेडलकडून येणारा पुशरॉड मास्टरच्या पिस्टनला टेकण्याआधी १ मिमी मोकळा सोडायचा, नाहीतर तेल परतायचं बारीक भोक बंद राहतं आणि तेल तापल्यावर क्लच घसरतो, हेही नाही. ‘गाडीत कोणतेही बदल करावे लागत नाहीत’ एवढं मात्र ठळक छापलेलं असतं. फायरवॉलला भोक पाडायच्या कागदी नमुन्याच्या मागे.