'पाखंडी' म्हणजे प्रत्येक कॅथलिकेतर नव्हे

कॅथलिक चर्च आपल्याबाहेरच्या प्रत्येकाला 'पाखंडी' ठरवते, असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा असल्याने हा खुलासा करणे मला आवश्यक वाटते.

चर्चच्या 1983 च्या कायदासंहितेतील कलम 751 नुसार, बाप्तिस्मा (ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी) घेतल्यानंतर, जे श्रद्धासत्य मानणे बंधनकारक आहे ते हट्टाने नाकारणे किंवा त्याविषयी हट्टाने शंका धरणे म्हणजे पाखंड. यातील प्रत्येक अट महत्त्वाची आहे. बाप्तिस्माच न झालेल्या हिंदू, मुस्लिम, ज्यू वा निरीश्वरवादी व्यक्तीला ही व्याख्या लागूच होत नाही. हे एवढे उघड असूनही नेमके तेच विसरले जाते.

प्रोटेस्टंटांबाबत गैरसमज अधिक खोल आहे. सोळाव्या शतकातील वादांत 'पाखंडी' हा शब्द सर्रास वापरला गेला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरातील कॅथलिक बिशपांच्या सभेने, 1964 च्या ख्रिस्ती ऐक्यविषयक आदेशात स्पष्ट केले की, जे आज कॅथलिक चर्चपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती समाजांत जन्मतात आणि तिथेच ख्रिस्तश्रद्धेत वाढतात, त्यांच्यावर फुटीच्या पापाचा ठपका ठेवता येत नाही. तेथे त्यांना 'विभक्त बंधू' म्हटले असून पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स समुदायांचा उल्लेख तर 'चर्च' असाच केला आहे.

व्यवहारातही हेच दिसते: विधिवत बाप्तिस्मा झालेली प्रोटेस्टंट व्यक्ती कॅथलिक होऊ इच्छित असेल, तर तिला पुन्हा बाप्तिस्मा दिला जात नाही, ती श्रद्धेची कबुली देते आणि तिला चर्चच्या पूर्ण सहभागितेत, म्हणजे पूर्ण सदस्य म्हणून, स्वीकारले जाते.