लोकसहभागातून बालवाडी कशी चालवावी

वाडीवस्तीवरच्या गरीब मुलांसाठी लोकवर्गणीतून बालवाडी काढण्याचा विचार आपल्या मनात आला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन. हा विचार ग्रामसभेत जाहीर केला, की निम्मे काम झाले असे समजावे. उरलेल्या निम्म्यासाठी कोनशिला करून घ्यावी. तिच्यावर देणगीदारांची नावे रकमेच्या उतरत्या क्रमाने कोरावीत आणि ज्यांनी पाया खणला, माती वाहिली, त्यांच्यासाठी तळाशी ‘व समस्त ग्रामस्थ’ एवढी जागा राखावी.

जागा निवडताना मात्र सावध असावे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले, तेव्हा त्यांचा इथेच घोटाळा झाला. गरिबांची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर ‘पालकांनाच आस्था नाही’ असा शेरा मारून मोकळे व्हायचे सोडून त्यांनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी जन्माला आली ती अशी. पुढे 1957 मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर तर कहरच झाला. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळा कुरणात भरवली, आणि कडेवर धाकटे भावंड असल्यामुळे मुलींना शाळेत येता येत नाही म्हणून शाळेला लागून पाळणाघर काढले. असे केल्याने शाळा आपल्यासाठी आहे, अशी मुलांची समजूत होते आणि ती रोज येऊ लागतात.

आपण बालवाडी गावठाणात, शक्यतो सरपंचांच्या दारासमोर बांधावी. कातकरी वस्ती ओढ्यापलीकडे असली, तर पावसाळ्यातला गर्दीचा प्रश्न परस्पर सुटतो. एखाद्या सकाळी सात वर्षांची मुलगी दीड वर्षाच्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी राहिलीच, तर तिला नियम समजावून सांगावा: बालवाडी 3 ते 6 वयाची, तू मोठी आणि हा लहान. नियमात बसणारे मधले भावंड आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले आहे, याची चौकशी करण्याचे आपल्याला काही कारण नाही.

साधनांच्या बाबतीतही कोसबाडचे अनुकरण नको. तिथे शिंपले, चिंचोके, बिया, पाने, खडे यांवर भागवले जाई. त्यात ना निविदा, ना पावती, ना उद्घाटन. आपण रंगीत प्लॅस्टिकची खेळणी आणि ती ठेवायला लोखंडी कपाट घ्यावे. कपाटाची किल्ली उपसरपंचांकडे असावी आणि खेळण्यांवरचे वेष्टन काढू नये, कारण वापरलेली वस्तू तपासणीच्या दिवशी मोजून भरत नाही. फोटोपुरते दोन ठोकळे बाहेर काढून द्यायला हरकत नाही. ते परत आले की नाही, तेवढे पाहावे.

पैशाचे म्हणाल, तर ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करावी असा नियम आहे. ही रक्कम हळदीकुंकवाच्या वाणात कशी बसवावी, हे नव्याने शिकवण्याची गरज नसावी. एवढ्यावरही कोणी हक्काची भाषा केली, तर त्याला 2009 चा शिक्षणहक्क कायदा दाखवावा. त्यातला हक्क वयाच्या 6 व्या वर्षी सुरू होतो; त्याआधीच्या शिक्षणाची सोय शासन करू शकते, एवढेच त्यात म्हटले आहे, आणि करू शकणे व करणे यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा आहे. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनचे शिक्षण पायाभूत ठरवले आहे खरे, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे, हे ठणकावून सांगावे.

शिकवणाऱ्या ताईंना महिनाअखेरीला ठरलेले पैसे देण्याची वाईट सवय लावू नये. शासनसुद्धा 1975 च्या एकात्मिक बालविकास योजनेपासून अंगणवाडी सेविकेला मानधनावरच ठेवत आले आहे; मग आपण गरीब गावकऱ्यांनी पगाराची उडी का मारावी? ताईंनी खिचडीही शिजवावी, मुलांचे नाकही पुसावे, वजनही करावे, गाणीही म्हणावीत आणि रात्री बसून नोंदवहीही भरावी. सलग तीन महिन्यांची थकबाकी झाली, की २६ जानेवारीला त्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करावा, भाषणात ‘सेवा’ हा शब्द भरपूर वापरावा, आणि तरीही त्यांनी विषय काढलाच, तर अनुताईंनी आयुष्य कसे वेचले ते त्यांना सांगावे. अनुताईंचा उपयोग इथे करायचा असतो.

आपली स्वतःची नातवंडे कुठे घालावीत, हा प्रश्न नाजूक आहे. त्यांना तालुक्याच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालावे. मात्र पिवळी गाडी बालवाडीसमोर थांबवू नये, वेशीवर थांबवावी. बालवाडी समितीचे अध्यक्षपद अर्थातच आपल्याकडेच ठेवावे. समितीत ओढ्यापलीकडच्या एका आईचे नाव घालावे लागते. तिचा अंगठा घ्यायला शिपायाला वस्तीवर पाठवावे. तेवढ्या कामासाठी ओढा ओलांडता येतो.