"आपल्याला कोण हॅक करणार" हे वाक्य आता ऐकवत नाही

आज परत तेच. बॅकअपला दुसरी हार्डडिस्क घेऊया हे सांगायला तिसऱ्यांदा केबिनमध्ये गेले आणि सरांनी मान वर न करता म्हटलं, "अगं आपण एवढेसे, आपल्याला कोण हॅक करणार?" तिडीक गेली डोक्यात. तिथे काही बोलले नाही, म्हणून इथे लिहितेय.

कोण हॅक करणार म्हणे! गेल्या वर्षी झालं ते सगळे विसरले? सोमवारी सकाळी अकाउंट्सचा कॉम्प्युटर उघडला तर प्रत्येक फाइलच्या नावापुढे कसलंतरी विचित्र शेपूट लागलेलं, एकही फाइल उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक नोटपॅडची फाइल की पैसे द्या नाहीतर डेटा विसरा. म्हटलं ठीक आहे, बॅकअप आहे. बॅकअपची डिस्क बघितली तर तिच्यावरही तेच शेपूट! कारण ती डिस्क दिवसरात्र त्याच मशीनला लावलेली. कॉपी झाली की काढून ठेवा हे मी किती वेळा सांगितलं होतं, पण रोज कोण काढणार आणि कोण लावणार. मग अकरा दिवस आम्ही दोघी कागदी बिलांच्या फाइली काढून एकेक एन्ट्री परत मारत बसलो होतो, रात्री आठ-आठ वाजेपर्यंत, आणि वर मलाच विचारलं की तू लक्ष कसं नाही ठेवलंस. माझं काम अकाउंट्सचं आहे हो, कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून ते गळ्यात मारलंय.

आणि एकदा नीट समजून घ्या, तुमचं नाव बघून कोणी येत नाही. प्रोग्रॅम सोडलेले असतात, ते सगळं इंटरनेट चाळत बसतात, कुठे रिमोट डेस्कटॉप (म्हणजे लांबून कॉम्प्युटर चालवायची सोय) उघडा आहे, कुठे अपडेट राहिलंय, दार उघडं दिसलं की घुसायचं. लहान-मोठं बघायला वेळ कोणाला आहे? २०१७ चा वॉनाक्राय आठवा, असाच फाइली अडकवून पैसे मागणारा व्हायरस, मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं ते भोक बुजवणारं अपडेट मार्चमध्येच दिलेलं आणि हल्ला झाला मे महिन्यात, मधे दोन महिने होते. ज्यांनी तेवढ्यात अपडेट मारलं त्यांच्याकडे तो त्या भोकातून शिरूच शकला नाही. आमच्याकडे अपडेटची खिडकी आली की 'नंतर' वर क्लिक, वर्षानुवर्षं नुसतं नंतर नंतर.

बरं, कॉम्प्युटरचं सगळं बाहेरच्या माणसाला दिलंय म्हणून निवांत राहता येतं असंही नाही. जुलै २०२१ मध्ये कासेया नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर फोडलं, जे आयटी सर्व्हिस देणारे लोक आपल्या गिऱ्हाइकांचे कॉम्प्युटर सांभाळायला वापरतात, आणि त्यातून हजार-दीड हजार धंदे एका झटक्यात अडकले, बहुतेक लहानच. आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेट या मोठ्या दुकानसाखळीच्या गिऱ्हाइकांच्या ४ कोटी कार्डांचा डेटा गेला तेव्हा चोर शिरले होते त्यांचं एसीचं काम करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराच्या लॉगिनवरून. म्हणजे आपल्याकडे चोरण्यासारखं काही नसलं तरी आपल्या लॉगिनवरून मोठ्यांच्या घरात शिरता येतं. हे सांगितलं की "बघू".

सगळ्यात जास्त राग याचा येतो की यातल्या बहुतेक गोष्टींना पैसेच लागत नाहीत. नोकरी सोडून गेलेल्या मुलाचा मेल अजून चालू आहे, तो बंद करायला पाच मिनिटं. सहा जणांत एकच पासवर्ड आणि तोही मॉनिटरला चिकटवलेला. मेलला टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीही, लावा म्हटलं तर दर वेळी ओटीपी कोण टाकणार! "आमचं बँक खातं बदललंय" असा सप्लायरचा मेल आला तर पैसे पाठवायच्या आधी आपल्याकडच्या जुन्या नंबरवर एक फोन करा, मेलमधल्या नंबरवर नाही, बस. त्या एका फोनने कितीतरी जणांचे पैसे वाचले असते.

आणि हा निर्णय माझा नाहीच आहे! कुठला धोका घ्यायचा, कुठला नाही, हे मालकाने ठरवायचं असतं. अमेरिकेच्या निस्टने, म्हणजे तिथल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या सायबर सिक्युरिटी फ्रेमवर्कची (सुरक्षेसाठी काय काय करायचं त्या आराखड्याची) नवी आवृत्ती काढली, त्यात 'गव्हर्न' (कारभार) हा भाग मुद्दाम नव्याने घातला, की ही जबाबदारी वरच्यांची आहे, नुसती कॉम्प्युटरवाल्याची नाही. नको म्हणायचंय तर नको म्हणा ना, पण स्पष्ट म्हणा, लिहून द्या की हा धोका मी घेतोय. हो पण नाही, नाही पण नाही, आणि उद्या काही झालं की माझ्या नावाने बोंब.

आत्ता निघताना बघितलं तर डिस्क अजून मशीनला तशीच, दिवा लुकलुकतोय. काढून कपाटात ठेवली आणि किल्ली घेऊन आले. उद्या विचारतील तेव्हा सांगेन, पण आधी त्या कागदावर सही करा.