शेंगा सगळ्यांच्या, सुरवंट माझे

रविवारी गॅलरीतला टॉवेल गळ्यात टाकला आणि दोन मिनिटांत मान पेटली. सोसायटीचा शेवगा आमच्या गॅलरीला खेटून आहे. पावसाळ्यात त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची जत्रा भरते. त्यातलाच एखादा टॉवेलवर फिरून गेला असणार.

मान खाजवत मेडिकलला निघालो, तर बाकावर तळमजल्यावरचे काका. नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून रिटायर झालेले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, माझी कॉलर ओढली आणि वॉटरमार्क शोधावा तशी मान उजेडाला धरली.

"पित्त. काल मिसळ खाल्ली?"

नाशकात हा काय प्रश्न झाला?

"खाल्ली. पण काका, हा सुरवंट आहे."

"पाहिलात?"

"नाही, पण टॉवेल..."

"झटकला नव्हता?"

म्हणजे गुन्हेगार मीच! मी पुन्हा खाजवायला हात नेला, तर त्यावर फटका बसला. "चोळू नका, केस आणखी आत रुततील!" काका घरात गेले आणि पार्सलची रुंद खाकी चिकटपट्टी घेऊन आले.

"पण पित्त म्हणालात ना?"

"ते आहेच."

पट्टी चिकटवली, दाबली आणि फर्रकन ओढली. माझ्या तोंडून जे निघालं ते ऐकून दूधवाल्याने गाडी थांबवली. काकांनी पट्टी शांतपणे उन्हात धरली. "हे सुरवंटाचे. हे तुमचे. हा पण तुमचाच, पांढरा आहे." मग दुसरी पट्टी.

शाळेत शिकवलं होतं, सुरवंटाचं फुलपाखरू होतं. आमच्या सुरवंटाचा होतो एक मळकट पतंग, जो रात्री ट्यूबलाइटवर डोकं आपटतो. म्हणजे पुढे रूपाने भरपाई होईल, तीही आशा नाही. शिवाय हा प्राणी मेला तरी केसांची खाज मरत नाही. टॉवेल गरम पाण्यातून दोनदा काढला, तरी बायको तो मशीनमध्ये घालू देत नाही. मलाही जरा लांबच ठेवलंय.

सेक्रेटरींना फोन केला. "झाड तुमच्याच गॅलरीला लागून आहे ना? मग तुम्हीच बघा की." शेंगा आल्या तेव्हा हेच झाड सामायिक होतं. फ्लॅटमागे मोजून सहा शेंगा वाटल्या, आणि माझ्या गॅलरीतून तोडलेल्या असूनही मला पाचच आल्या. हे मी तेव्हा बोललो नव्हतो.

संध्याकाळी मानेला कॅलामाइन फासून बसलो होतो, तर बेल वाजली. दारात काका. हातात पट्टीचं उरलेलं रीळ.

"राहू द्या तुमच्याकडे. पाऊस अजून दीड महिना आहे."