हवाईची पपई आणि चार चुकीचे दावे

‘हवाईत पपईत विषाणू घुसवला, ती खाल्ली की तो आपल्या पोटात जातो. कंपनीने शेतकऱ्यांना बियाण्याच्या दावणीला बांधलं. रोगट झाडं वेळेवर उपटली असती तर याची गरजच नव्हती. आपल्या बाजारातही तीच पपई येते, टाळा.’ हा मजकूर गेले काही महिने हातोहात फिरतोय.

आधी उपटण्याचं बघू. अमेरिकेच्या हवाई राज्यात, ओआहू बेटावर १९४० च्या दशकात रिंगस्पॉट हा पपईचा विषाणूजन्य रोग आला. तिथल्या बागा हळूहळू संपल्या आणि लागवड हवाई बेटावरच्या पुना भागात गेली. राज्यातली सुमारे ९५ टक्के पपई तिथे होऊ लागली. मे १९९२ मध्ये रोग तिथेही पोचला. झाडं तोडली, मोहिमा काढल्या, तरी हाती काही लागलं नाही. कारण हा विषाणू मावा पसरवतो, आणि मावा पपईवर वस्तीला राहत नाही. सोंड टोचून चव घेतो, पुढच्या झाडावर जातो. तेवढ्यात लागण होते. फवारणीने तो मरेपर्यंत उशीर झालेला असतो. ज्याने नंदुरबार-जळगावकडे पानं दोरीसारखी बारीक होताना आणि फळांवर गोल कडी उमटताना पाहिलीत, त्याला हे वेगळं सांगायला नको. १९९८ पर्यंत हवाईचं उत्पादन निम्म्यावर आलं होतं.

आता ‘विषाणू घुसवला’ याबद्दल. हवाईतच जन्मलेले शास्त्रज्ञ डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पपईत घातलं ते विषाणूच्या आवरणाच्या प्रथिनाचं एक जनुक, अख्खा विषाणू नव्हे. पेशी त्या जनुकाचा आरएनए (जनुकाच्या संदेशाची प्रत) ओळखून कापायला लागते. मग बाहेरून तसाच विषाणू आला की त्याचाही आरएनए कापला जातो. एका जनुकापासून विषाणू तयार होत नाही. उलट रोग लागलेल्या साध्या पपईत जिवंत विषाणू भरपूर असतो आणि ती फळं माणसं पिढ्यान्‌पिढ्या खात आली आहेत. तो माणसाला बाधत नाही.

दावणीचं म्हणणं तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. हे काम अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि हवाई या विद्यापीठांतल्या संशोधकांनी केलं. अपजॉन कंपनीतला एक शास्त्रज्ञ त्यात होता आणि काही तंत्रांची पेटंटं दुसऱ्यांकडे होती, हे खरं. पण परवाने पपई उत्पादकांच्या समितीने मिळवले आणि मे १९९८ मध्ये बियाणं शेतकऱ्यांना फुकट वाटलं. यातलं ‘रेनबो’ हे वाण संकरित आहे, तिचं बी दरवेळी नव्याने लागतं. ‘सनअप’ या दुसऱ्या वाणाचं मात्र घरी धरता येतं.

आपल्या बाजाराचं एका वाक्यात: भारतात अशा पपईच्या लागवडीला परवानगीच नाही.

मजकुरात नसलेली, पण विचारायलाच हवी अशी हरकत वेगळी आहे. या पपईचे परागकण शेजारच्या साध्या पपईच्या बागेत जातात. सेंद्रिय पपई विकणाऱ्यांना आणि जपानला माल पाठवणाऱ्यांना ती खरी काळजी होती. जपानने ही पपई २०११ मध्ये स्वीकारली. शिवाय हे संरक्षण त्या-त्या भागातल्या विषाणूशी जुळावं लागतं. हवाईतल्या विषाणूला अडवणारी ‘रेनबो’ इतर देशांतल्या काही प्रकारांपुढे टिकली नाही. आपल्याकडे असं वाण करायचं ठरलं, तर सुरुवात आपल्याच शिवारातल्या रोगट पानातून काढलेल्या विषाणूपासून करावी लागेल.