किल्ली समोरच्या काकूंकडे

शाळेतून येऊन घरी एकट्या राहणाऱ्या मुलांच्या सुरक्षिततेवरच्या तुमच्या लेखात सगळा भर मोबाइल आणि घरातल्या कॅमेऱ्यावर दिलाय, ते काही पटलं नाही. आमची लेक पाचवीपासून शाळेतून एकटी घरी येते. आम्ही दोघंही डोंबिवलीहून लोकलने जाणारे, साडेसातच्या आत घरी कुणी नाही. कॅमेरा आम्हीही लावला होता. एकदा वीज गेली, वायफाय बंद, आणि मी घाटकोपरला गाडीत लटकलेली, जीव नुसता टांगणीला. त्या दिवशी कामी आल्या त्या समोरच्या काकू. किल्ली त्यांच्याकडेच असते, हिच्या गळ्यात नाही. गळ्यात किल्ली दिसली की अख्ख्या रस्त्याला कळतं, घरी कोणी नाही.

गॅसवर मात्र तुम्ही एकच ओळ लिहिलीत. आम्ही सकाळी निघतानाच रेग्युलेटर बंद करतो, खायचं डब्यात भरून ठेवतो. तरी तिला सांगून ठेवलंय : वास आला तर कुठलंही बटण चालू करायचं नाही, बंदही नाही. दार उघडं टाकून बाहेर पडायचं आणि काकूंच्या घरून १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन लावायचा. (सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो, हे आता तीच मला ऐकवते.) ११२ (कुठल्याही आणीबाणीसाठी) आणि १०९८ (मुलांची हेल्पलाइन) फ्रिजवर स्केचपेनने लिहिलेत.

कुरिअरवाला आला तर सेफ्टी डोअर न उघडता "आई अंघोळीला गेलीय, बाहेर ठेवा" म्हणायचं. "पोरीला खोटं बोलायला शिकवतेस?" असं सासूबाई म्हणाल्या होत्या. हो, शिकवते.