थर्मोस्टॅट काढल्याने गाडी थंड राहत नाही

‘जुनी स्पोर्ट्स कार रोज चालवायची तर थर्मोस्टॅट काढून टाका, इंजिन तापणारच नाही’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम झालं की त्यातलं पाणी थंड व्हायला रेडिएटरकडे सोडणारी झडप. इंजिन तापतं तेव्हा चांगला थर्मोस्टॅट उघडाच असतो. तो काढून ट्रॅफिकमध्ये काय फरक पडणार? उलट सकाळी इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओलावा साचतो. काही इंजिनांत तर पाणी रेडिएटर टाळून बायपासनेच (आडवाटेच्या नळीने) फिरतं. संशय असेल तर थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात सोडून तापवा. साधारण ८२ ते ८८ अंशांना (आकडा त्यावरच कोरलेला असतो) झडप हलायला हवी. हलली, तर दोष बहुधा गाळाने भरलेल्या रेडिएटरचा, नाहीतर पंख्याचा.